पाहजो

लिहून घे समता, पण नावं विचारू नको.
नावं माह्या डोक्यातून गेले.
डबे आठवते. कोणत्याले गंज होता,
कोणत्यावर मागच्या गावच्या ऑपरेटरनं
खडूनं लिहिलं होतं: सांभाळून, चौथं रीळ कच्चं आहे.

तू चालली हैदराबादले. तिथं रात्री झोप नाही आली
तर तो नावाड्याचा पाहजो, काळापांढरा.
अर्धा सिनेमा कोणी तोंडच उघडत नाही,
नुसतं वल्हं पाण्यात जाते अन् येते.
चंद्रहास टॉकीजमध्ये तीन दिवस टिकला.
पब्लिकनं खुर्च्यांचा काथ्या उपसला,
दाभाडकर मॅनेजर म्हणे, हा सिनेमा आहे की कॅनॉल?
चौथ्या दिवशी पेटी परत जायची होती.
सकाळी मी अन् मुनीरभाईनं रिकाम्या हॉलमध्ये लावला.
तो बाल्कनीत, मी वर, मशीनपाशी.
वल्ह्याचा आवाज अन् मशीनचा आवाज
केव्हा एक झाला, समजलंच नाही.

हे एक.

भुताचा पाहजो, पण एकटी नाही, चारपाच पोरी मिळून.
खराब आहे. म्हणजे खराबच.
भूत धावते तर त्याच्या मनगटावर घड्याळ दिसते,
अन् त्यात सव्वाअकरा वाजले असते, बारा नाही.
सत्तावीस आठवडे, दुपारचा खेळ.
गोळीबार चौकातले रिक्षेवाले डायलॉग आधी म्हणत,
पडद्यावरचा ठाकूर मागून म्हणे,
असं वाटे, तोच यांच्यापासून शिकून राहिला.
घड्याळ आलं की अख्खा हॉल ओरडे:
टाइम काय झाला बे?
असा प्रश्न एकट्यानं विचारता येत नाही.

एक होता तिकडचा, इंग्रजीही नाही,
धरमपेठेतल्या प्रोफेसर लोकायनं रविवारी सकाळी मागवला.
खाली अक्षरं यायची, तीही तिकडचीच.
मे महिना, कूलरची टाकी कोरडी,
मी बनियन पिळून पुन्हा घालत होतो
अन् समोर बर्फ.
एक बाई गॅलरीत येते, टेबलावरची चादर झटकते,
आत जाते. पुन्हा येते. चादर तीच,
आता झटकायले त्यात काही नाही.
झटकते.
काय झालं ते मले कोणी सांगितलं नाही.
प्रोफेसर खाली तासभर अर्थावरून भांडले.
मी रीळ गुंडाळलं, सायकल काढली,
घरी येऊन कौसल्याले म्हटलं, दे, चादर मी झटकतो.
ती म्हणे, ऊन लागलं काय तुमाले?

आता शेवटचा. हा मात्र पाहजोच.
पोरगी विचारते, येशील काय माह्यासोबत?
अन् तो हो म्हणते.
पहिल्याच खेळाले, मी दुसऱ्या मशीनवर रीळ चढवत होतो,
इकडे फिल्म अडकली, जळाली.
खाली शिट्ट्या. मी कात्री मारली, जोडली, चालू केली.
छत्तीस फ्रेमा गेल्या. दीड सेकंद.
तो दीड सेकंद त्याच्या चूप राहण्याचा होता.
म्हणून नागपुरात तो लगेच हो म्हणाला,
आठ आठवडे, रोज चार वेळा, लगेच.
बाकी गावात थांबला असन,
मान खाली घातली असन, काय माहीत.

कौसल्यानं तो बहिणीसोबत तीनदा पाहिला होता.
मग गांधीसागरच्या कठड्यावर तिनं मले विचारलं
अन् मी म्हटलं, त्याच्यासारखंच.
म्हणजे नागपूरच्या त्याच्यासारखं.

चार फ्रेमा जळाल्या, बाकीच्या बिस्किटाच्या डब्यात आहे.
खिडकीपाशी धरतो कधी.
नखाएवढं तोंड. भीती आहे की हिशेब आहे,
दिसत नाही, आता तर मोतीबिंदू.
तिलेही विचारायचं राहून गेलं,
की मी थांबलो असतो तर बरं वाटलं असतं काय.

तू पाहजो. फोन करून सांगजो,
तो किती वेळ चूप राहते, कुठं पाहते.
फक्त बोटानं पुढे पळवू नको पोरी.
पळवलं तर तुह्याही गावात
तो लगेच हो म्हणन.